जळालेली विमानं म्हणजे ‘नुसता पत्रा’ नव्हे

नमस्कार. एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. युद्धात विमानतळावर उभ्या असतानाच नष्ट झालेल्या प्रवासी विमानांवरच्या माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत: माणसं मरत असताना मी विम्यातून भरून निघणाऱ्या पत्र्यासाठी गळा काढतोय, आणि विमानतळ शत्रूच्या हातात असेल तर तिथलं विमानही शत्रूचंच. दोन्ही मला पटत नाहीत.

आधी विमा. विमानाच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्धातलं नुकसान धरलेलंच नसतं. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि धोका वाढला की विमा कंपनी साधारण सात दिवसांच्या नोटिशीवर ते काढून घेऊ शकते. २४ जुलै २००१ ला एलटीटीईने कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर श्रीलंकन एअरलाइन्सची एअरबस विमानं जाळली. त्यानंतर कोलंबोला येणाऱ्या परदेशी कंपन्यांकडूनही जबर जादा हप्ता मागितला गेला.

आता सना बघा, यादवी युद्धात अडकलेल्या येमेनची हूती बंडखोरांच्या ताब्यातली राजधानी. ऑगस्ट २०१६ पासून जवळजवळ सहा वर्षं तिथली प्रवासी उड्डाणं बंद होती. परदेशी उपचारांना जायचं तर आजारी माणसाला आघाडीच्या रेषा ओलांडत रस्त्याने हूतींच्या विरोधातल्या सरकारच्या ताब्यातलं एडन गाठावं लागे. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर थांबायचं, आणि पुढे सोडतील की नाही याचा भरवसा नाही. २०२२ च्या युद्धबंदीनंतर मे महिन्यात येमेनिया या येमेनी विमान कंपनीचं पहिलं विमान जॉर्डनमधल्या अम्मानला गेलं, त्यात उपचारांसाठी निघालेले रुग्ण होते.

४ मे २०२५ ला हूतींचं क्षेपणास्त्र इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळाच्या आवारात पडलं. ६ मे ला इस्रायलने सना विमानतळावर बॉम्ब टाकले, येमेनियाची तीन विमानं गेली. सनाच्या सेवेसाठी उरलेल्या एकुलत्या एका विमानावर सेवा पुन्हा सुरू झाली आणि २८ मे ला तेही उडवलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार हजचे यात्रेकरू त्यात चढण्याच्या बेतात होते. अशा जळालेल्या विमानांच्या फोटोंत बहुतेकदा शेपूट शाबूत दिसतं. इंधन पंखांत आणि पंखांच्या मधल्या पोटात असतं, त्यामुळे आधी जळतो तो माणसं बसतात तोच भाग. या विमानांनी सनातल्या रुग्णाला थेट बाहेर पडायची वाट दिली होती. तिचं मोल पत्र्याच्या भावाने कसं करायचं?

तुमचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ही विमानं हूती वापरतात, असा इस्रायलचा दावा होता. लष्करी वापर खरोखर होत असेल तर नागरी वस्तूही लक्ष्य ठरू शकते, हे मान्य. पण शंका असेल तर ती नागरीच मानायची, असं युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पुरवणी कराराचं, कलम ५२ सांगतं. इस्रायलने तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही; तरी नागरी वस्तू आणि लष्करी लक्ष्य यांतला भेद, करारावर सही नसली तरी सगळ्यांना लागू असलेल्या रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यानेही पाळायचाच आहे. ‘विमानतळ त्यांच्या ताब्यात आहे’ एवढ्याने तो भेद पुसला जात नाही.

आणि बैरूतचं उदाहरण तर तुमच्या दोन्ही आक्षेपांना लागू पडतं. अथेन्समध्ये एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानावर पॅलेस्टिनी हल्ला झाला, म्हणून २८ डिसेंबर १९६८ च्या रात्री इस्रायली कमांडोंनी लेबनॉनच्या बैरूत विमानतळावरची डझनभर प्रवासी विमानं स्फोटकांनी उडवली. तिथे एकही माणूस मेला नाही. तरीही तीनच दिवसांत सुरक्षा परिषदेने अमेरिकेच्या मतासह एकमताने, ठराव २६२ करून, इस्रायलचा निषेध केला आणि लेबनॉनचा भरपाईचा हक्क मान्य केला. तुमचा निकष लावला तर हा ठरावच व्हायला नको होता.