एवढंसं कृष्णविवर अख्ख्या दीर्घिकेला कसं आवरतं?

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: दीर्घिकेच्या मधल्या फुगवट्याच्या तुलनेत कृष्णविवराचं वस्तुमान जेमतेम हजारांत एक-दोन भाग. दोघांची वाढ जुळलेली दिसते एवढ्यावरून विवर दीर्घिकेला आवर घालतं म्हणणं म्हणजे ओढूनताणून लावलेला संबंध. आक्षेप महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गुरुत्वाकर्षणापुरतं तुमचं म्हणणं अगदी बरोबर. दहा कोटी सूर्यांएवढ्या विवराची पकड साधारण तीसेक प्रकाशवर्षांपर्यंतच. पण इथे ओढ नव्हे, ऊर्जा मोजायची. आत पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानापैकी सुमारे १० टक्क्यांची ऊर्जा होऊन ती बाहेर पडते. विवर वाढेपर्यंतची ही बेरीज अख्ख्या फुगवट्याला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट भरते. त्यातला एखाद-दुसरा टक्का वायूला लागला तरी तो तापून नवे तारे घडणं रोखायला पुरे.

तो लागतो का? पर्सियस दीर्घिकासमूह बघा. तिथला कोट्यवधी अंश तापलेला वायू क्ष-किरणांतून ऊर्जा गमावत असतो; तो निवला की त्यातून तारे घडतात. त्या हिशेबाने मधल्या एनजीसी १२७५ दीर्घिकेत दरवर्षी शेकडो सूर्यांएवढे नवे तारे जन्मायला हवेत. जन्मतात त्याहून फारच कमी. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत या दीर्घिकेच्या दोन बाजूंना वायूत दोन पोकळ्या दिसतात आणि विवराजवळून सुटणाऱ्या वेगवान झोतांनी फुगवलेले, रेडिओ लहरी सोडणारे पुंजके नेमके त्यांतच बसलेले आहेत. पोकळीचं आकारमान आणि भोवतालचा दाब यांवरून ती फुगवायला लागलेली ऊर्जा काढता येते. ती वायू निवताना जाणाऱ्या ऊर्जेच्या तोडीची निघते. मला सगळ्यांत पटणारा पुरावा हाच. ऑफियुकस समूहात तर याहून कितीतरी प्रचंड पोकळी आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या शोधात आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणंही होती.

दीर्घिका विलीन होत गेल्या की सरासरीनेच प्रमाण जुळतं, हा तुमचा दुसरा मुद्दा. यान्के आणि मात्चिओ या खगोलशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तो नीट मांडलाय, आणि जुळणीचा काही भाग त्यातून आला असेल हे मला मान्य आहे. पण ऊर्जा गमावूनही वायू निवत का नाही, याचं उत्तर सरासरीत मिळत नाही.

तुमच्या बाजूने खरं वजन आहे ते यूएचझेड१ या अतिदूरच्या दीर्घिकेचं. विश्व जेमतेम ४७ कोटी वर्षांचं असतानाच्या या दीर्घिकेत विवराचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या बेरजेच्या जवळपास जातं. म्हणजे निदान तिथे तरी विवर आधी वाढलं आणि तारे मागे राहिले.