ज्या दुःखाला सुतक नसते

एखाद्या नटाच्या किंवा गायिकेच्या मृत्यूने मनापासून हळहळलेल्या माणसाला आपल्या सोलापुरात हमखास एक प्रश्न विचारला जातो : "का बे, तो तुझा कोण लागत होता?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो, नुसती थट्टा असते, पण त्या थट्टेमागे शोक हा नात्याच्या हिशेबाने करायचा असतो ही जुनी आणि पक्की समजूत असते. सख्ख्यांसाठी दहा दिवस, लांबच्या भाऊबंदांसाठी त्याहून कमी, सोयऱ्यांसाठी आणखी कमी, आणि ज्याच्याशी रक्ताचा, सोयरिकीचा किंवा शेजाराचाही संबंध नाही त्याच्यासाठी एक 'अरेरे', एवढाच तो हिशेब. त्यात न बसणारे दुःख खोटे असते, असे मी मानत नाही. ते अवघड मात्र जाते, आणि ते का अवघड जाते याविषयी आज जरा सविस्तर लिहायचे आहे.

आपल्याकडे घरातला माणूस गेला की पहिल्या तासापासून कामे सुरू होतात. पाहुण्यांना फोन लावायचे, माती किती वाजता ते ठरवायचे, कोणी बांबू आणि मडके आणायला पळायचे, लिंगायतांचे घर असेल तर विमान सजवायचे आणि जंगमांना निरोप धाडायचा. शेजारच्या बायका न सांगता चहाचे आधण ठेवतात, रात्री कोणाच्या तरी घरून पिठले-भाकरी येते. पुढे तिसऱ्या दिवशी सावडायला जायचे, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत उन्हात ताटकळायचे, तेराव्याच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधायचा आणि त्यानंतरही कितीतरी दिवस डोळे पुसायला येणाऱ्यांना सतरंजीवर बसवून तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. तरुणपणी मला हा सगळा व्याप निर्दयपणाचा वाटायचा, कारण रडणाऱ्याला तो धड रडूही देत नाही. स्वतःच्या घरात दोन-तीन मरणे पाहिल्यावर माझे मत पालटले. गेलेल्याच्या मागे उरलेला माणूस उभा राहतो तो याच व्यापाला धरून, आणि ती हकीकत विसाव्यांदा सांगताना कधीतरी त्याचा आवाज कापायचा थांबतो.

जो कधी भेटलाच नाही अशा माणसाच्या मरणात यातले काहीही आपल्या वाट्याला येत नाही. खांदा नाही, सावडणे नाही, भेटायला जायला घर नाही आणि भेटायला येणारेही कोणी नाही. बातमी येते तेव्हा आपण भाजी निवडत असतो किंवा कामावर निघालेलो असतो, आणि ती ऐकून झाल्यावरही भाजी निवडावीच लागते. दुःख आलेले असते आणि हातांना काम नसते. अशा वेळी माणूस स्टेटस ठेवतो, जुने गाणे शोधून चौघांना पाठवतो, गेलेल्यासोबतचा फोटो नसतोच, म्हणून निदान त्याचा एकट्याचा तरी लावतो. या स्टेटसना नावे ठेवण्याची आता पद्धत पडली आहे आणि त्यांत देखाव्याचा भाग असतो हेही खरे. पण देखावा कोणत्या तेराव्याला नसतो? त्या स्टेटसमागे बहुतेकदा काहीतरी करण्याची धडपड असते असे माझे मत आहे.

लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ९२ व्या वर्षी गेल्या. त्या रविवारी आमच्या आत्याने बातमी ऐकली, दूरदर्शनचा आवाज बंद केला आणि न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतले. लांबच्या नातेवाइकाची वार्ता कानी पडली की जुन्या बायका जे करतात तेच तिने केले, आणि कोणी काही विचारण्याआधीच "आज गोड काही करू नका" असे बजावले. तिच्यावर घरात कोणी हसले नाही, कारण तिने ते इतक्या सहजपणे केले की तो विधी कोणत्या शास्त्रात बसतो हे विचारायचे धाडस झाले नाही. सरकारनेही त्या वेळी दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा आणि महाराष्ट्रात सोमवारची सुट्टी जाहीर केली होती, शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. आत्याने मात्र स्वतःपुरते सुतक सरकारच्या आधीच धरले होते. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ज्या बाईने हयातभर सोबत केली, ती तिच्या लेखी घरातलीच होती.

आपल्या शहरात हे दुःख एका भाषेतही मावत नाही. २५ सप्टेंबर २०२० रोजी चेन्नईत एस. पी. बालसुब्रह्मण्यम गेले तेव्हा पूर्व भागातल्या तेलुगू घरांत, जिथे बायका विड्या वळता वळता त्यांची गाणी ऐकत आल्या, तिथे जे वाटले असेल ते माझ्यासारख्या मराठी माणसाला हिंदीतल्या त्यांच्या मोजक्या गाण्यांवरून पूर्णपणे कळणे शक्य नव्हते. पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला बेंगळुरूमध्ये पुनीत राजकुमार अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, तेव्हा अक्कलकोटकडचा माझा कन्नडभाषक सहकारी दुपारी डबा न उघडताच उठला. मला त्या नटाचा एकही चित्रपट माहीत नव्हता. उलट अभिनेत्री शशिकला या मूळच्या सोलापूरच्या, त्यांचा जन्म इथला. पण ४ एप्रिल २०२१ रोजी त्या मुंबईत गेल्या तेव्हा माझ्या ओळखीतल्या कोणी फारसे चुकचुकल्याचे आठवत नाही. गावाचे नाते इथे उपयोगी पडत नाही. आपल्या आयुष्यातले किती तास त्या माणसाच्या आवाजाने किंवा चेहऱ्याने व्यापले होते, यावर सगळे अवलंबून असते.

दूरचित्रवाणी नवी होती तेव्हा, १९५६ साली, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी पडद्यावरचा माणूस आणि प्रेक्षक यांच्यातल्या एकतर्फी जवळिकीवर एक लेख लिहिला होता, आणि अशा विषयावर बोलताना आजही त्याचा दाखला दिला जातो. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये, समाज ज्या शोकाला मान्यताच देत नाही त्या शोकावर पुस्तक काढले. दोन्ही कामे मोलाची आहेत. तरी हे दुःख दूरचित्रवाणीने जन्माला घातले अशी जी समजूत त्यातून पसरते, ती आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पटू नये. दर वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वर माउलींचा संजीवन समाधी सोहळा होतो, त्यासाठी पंढरपूरहून खुद्द पांडुरंगाची पालखी निघते, आणि समाधीच्या अभंगांवरचे कीर्तन ऐकताना पिकल्या मिशांचे वारकरी ढसाढसा रडतात. समाधी झाली १२९६ साली. रडणाऱ्यांपैकी कोणी माउलींना पाहिलेले असणे शक्य नाही. आपल्या पेठांमधून मोहरमला पंजे निघतात, तेव्हा त्यामागे चालणाऱ्या हिंदू-मुसलमानांचे शोककारण तर इसवी सन ६८० मधले, करबलाच्या लढाईत इमाम हुसेन मारले गेले त्याचे आहे. या लोकांना कोणी "तुमचा कोण लागत होता?" असे विचारत नाही, कारण त्यांच्या शोकाला चालणे आहे, टाळ आहे, फुले उधळण्याची वेळ ठरलेली आहे. परंपरेने त्या दुःखाला काम लावून दिले आहे.

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत मात्र सगळेच उलटे झाले. यंत्रमाग थांबलेले, रस्ते ओस पडलेले, आणि माणूस गेला तर मोजक्यांनी जायचे किंवा कोणीच जायचे नाही अशी स्थिती. त्यातच २९ तारखेला मुंबईत इरफान गेला. त्याची आई त्याच्या चारच दिवस आधी जयपूरला गेली होती आणि तिच्या अंत्यविधीला त्याला पोहोचता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेले. त्या दोन दिवसांत माझ्या ओळखीतले कितीतरी लोक एका नटासाठी इतके रडले की त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले. गावात माणसे मरत असताना नटासाठी काय रडता, असे तेव्हा काहींनी सुनावलेही. मला ते सुनावणे अन्यायाचे वाटते. स्वतःच्या मामाच्या, शेजारच्या आजोबांच्या मातीला जाता न आलेली ही माणसे होती. खांदा नाही, पिठले-भाकरी नाही, सतरंजी नाही, ही जी गत एरवी फक्त चाहत्याची होते, ती त्या काळात सख्ख्या मुलाचीही झाली होती. इरफानसाठी उघडपणे रडता येत होते, कारण सगळा देश रडत होता. त्या रडण्यात मामा आणि आजोबाही होते, याबद्दल मला तरी शंका नाही.

आता या दुःखाची दुसरी बाजू. काम न मिळालेला शोक गप्प बसत नाही, तो स्वतःहून काम शोधतो, आणि सापडते ते काम दर वेळी चांगलेच असते असे नाही. १२ एप्रिल २००६ रोजी पुनीतचे वडील, कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार गेले तेव्हा बेंगळुरूमध्ये जमावाने जाळपोळ केली आणि त्यात माणसे प्राणाला मुकली. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत गेला, त्यानंतरचे महिने आपण सर्वांनी पाहिले आहेत. सुरुवातीची हळहळ खरी होती. पुढे तिला गुन्हेगार शोधण्याचे काम मिळाले, वाहिन्यांनी ते रोज रात्री पुरवले, आणि एका तरुण अभिनेत्रीला खटल्याआधीच लोकांनी दोषी ठरवून टाकले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने ते प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तेव्हा २०२० साली घसा फोडून ओरडणाऱ्यांपैकी कितींनी ती बातमी पूर्ण वाचली असेल, देव जाणे. बातमी सर्वांत आधी देण्याचे कामही असेच. विक्रम गोखले यांच्या निधनाची बातमी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते हयात असतानाच पसरली आणि कुटुंबाला खुलासा करावा लागला. ते प्रत्यक्षात २६ तारखेला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन यांच्याबाबतीतही तेच घडले. रुग्णालयाबाहेर बसलेल्या मुलीला "बाबा आहेत अजून" हे जगाला सांगावे लागणे, याहून वाईट काय असते? आपले दुःख खरे आहे म्हणून त्या खाटेवर, त्या घरावर, त्या चितेच्या चित्रीकरणावर आपला हक्क निर्माण होत नाही. दुःख आपल्याकडचे आहे, ते आपल्याकडेच निभवावे.

पुनीतच्या चाहत्यांनी ते कसे निभावले हे म्हणूनच सांगण्यासारखे आहे. वडिलांप्रमाणे पुनीतनेही मरणोत्तर नेत्रदान केले होते. डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पारपटलांचे पुढचे आणि मागचे थर वेगळे करून वापरले आणि चार जणांना दृष्टी मिळाली. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागली. माझ्या त्या सहकाऱ्यानेही अर्ज भरला आणि मग आम्हा सर्वांना पिडून पिडून माहिती दिली : मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते, तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची, चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते, आणि अर्ज भरून कपाटात ठेवला पण घरच्यांना सांगितलेच नाही, तर त्याचा उपयोग शून्य. डबा न उघडता उठलेल्या माणसाला शेवटी करण्यासारखे काम मिळाले होते. त्या दिवसापासून पुनीतचे नाव निघाले की तो रडवेला न होता या विषयावर येतो, एवढे मी पाहिले आहे.

आणि ज्यांना अजूनही तो पहिला प्रश्न विचारावासा वाटतो, त्यांनी एकदा भैय्या चौकाजवळच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात जाऊन यावे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच, वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला, अशा शब्दांत माओंनी शोक व्यक्त केला होता. शिजियाझुआंगमधल्या त्यांच्या समाधीवर आजही फुले वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. चिनी शिष्टमंडळे सोलापूरला येतात, त्या स्मारकात नतमस्तक होतात, आणि आपण अभिमानाने त्यांचे फोटो वर्तमानपत्रात छापतो. तेव्हा कोणाच्याही तोंडून "का बे, तुमचा कोण लागत होता?" असे निघत नाही.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो, कारण ती कधीपासून मनात आहे. गेलेल्या कलावंतासाठी चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायला माझी काहीच हरकत नाही, हौसेने लावा, हार घाला, खाली उदबत्ती लावा. फक्त गेलेल्याचा फोटो खालच्या श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या फोटोंपेक्षा मोठा ठेवा, म्हणजे रिक्षातून जाणाऱ्याला नेमके कोण गेले ते तरी कळेल.