डॉयलला म्हणे कॅमेऱ्यातलं कळत नव्हतं!

सकाळी सकाळी एक रील बघितलं आणि डोकंच फिरलं. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल किती बावळट, फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नव्हतं म्हणून दोन पोरींनी पऱ्यांचे फोटो दाखवून त्याला गंडवलं, हा हा हा.

अरे, होम्स जन्मायच्या आधीपासून हा माणूस कॅमेरा घेऊन हिंडायचा! स्कॉटलंडच्या मे बेटावर पाणकावळ्यांच्या मागे गेला, त्याचा लेख १८८१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफीत छापून आला. मग बोटीवरचा डॉक्टर म्हणून पश्चिम आफ्रिकेला गेला, तिथेही कॅमेरा सोबत, त्यावरही लेख. होम्स आला १८८७ ला. आणि याला म्हणे कळत नव्हतं!

आमच्या बाबांनाही सगळं कळायचं. बाथरूममध्ये लाल बल्ब लावून डेव्हलपिंग करायचे, घरभर हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास. आजीचा आजोबांसोबत एकही फोटो नव्हता, म्हणून बाबांनी ऑफिसच्या ग्रुप फोटोतून आजोबा ब्लेडने कापले, आजीशेजारी चिकटवले, ब्रशने कडा बुजवल्या आणि त्याचा परत फोटो काढला.

त्या दोन पोरींच्या, इंग्लंडातल्या कॉटिंग्ली गावच्या पऱ्या तरी काय होत्या? १९१७ साल, सोळा वर्षांची एल्सी आणि नऊची फ्रान्सिस, कागदावर काढून कापलेल्या पऱ्या टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. ज्या पुस्तकातल्या चित्रावरून त्या काढल्या त्यात खुद्द डॉयलची गोष्ट होती, बोला आता! कोडॅकने खरेपणाचा दाखला द्यायला नकार दिला तरी यानं १९२० च्या डिसेंबरात स्ट्रँड मासिकात छापलं. ते चुकलंच, मान्य.

पण १९१८ ला मुलगा गेला होता, १९१९ ला भाऊ. आत्म्याबित्म्यांचा नाद त्याआधीपासूनचा होता हे मलाही माहितीये, कमेंटमध्ये येऊन शिकवू नका. कॅमेऱ्यातलं कळणं आणि समोरचा फोटो खरा असावा असं वाटणं एकाच माणसात मजेत नांदतं, एवढंच म्हणतोय.

बाबा रोज ऑफिसला निघताना त्या फोटोसमोर थांबून ‘येतो’ म्हणायचे. आठवीत मी एकदा शहाणपणा केला, बाबा तुम्हीच चिकटवलंत ना ते? चपला घालता घालता म्हणाले, ‘मग?’

तो फोटो आता माझ्याकडे आहे. आजीवर उजेड डावीकडून, आजोबांवर उजवीकडून. दुसऱ्या कुणाच्या फोटोत असलं काही दिसलं असतं तर बाबांनी फाडून खाल्लं असतं त्याला.