म्हणे ब्रेक फुल करा अन् अंगठा विसरा!

फिरत फिरत मासेमारीचा एक फॉरवर्ड भाच्याच्या फोनवर आला. "बेटकास्टिंग रील 10 मिनिटात शिका. टेन्शन नॉब फुल टाइट, ब्रेक फुल, अंगठा लावायचाच नाही, मग जोरात फेका. महाग रीलवर लाइन गुंतत नाही. स्पिनिंग रील लहान पोट्ट्यांची. गुंतलंच तर ब्लेडनं कापा." अन् हा पठ्ठ्या तेवढ्यावर खिंडसी तलावावर मरळ मासा धरायला निघाला. काय बोलावं बाप्पा!

सगळ्यात भंकस अंगठ्याचंच. अरे, बेटकास्टिंग रीलमध्ये लाइन म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरते. ल्युअर, म्हणजे नकली आमिष, हवेत हळू होत जाते, स्पूल मात्र आपल्याच तालात गरगर फिरते, लाइन जायच्या आधी सुटते अन् झाला सुगरणीचा खोपा. ब्रेक सुरुवातीचा वेग सांभाळतो, मान्य. पण ल्युअर पाण्यावर पडली की जागीच थांबते, स्पूल फिरतच राहते, आणि ब्रेक सेंट्रिफ्यूगल (फिरण्याच्या जोरावर चालणारा) असो की मॅग्नेटिक (चुंबकाचा), स्पूल हळू झाली की त्याचा जोरही उतरतो. मग थांबवणार कोण? अंगठाच ना! स्वीडनच्या आबू कंपनीच्या अँबेसेडर 5000 रीलमध्ये 1950 च्या दशकातच सेंट्रिफ्यूगल ब्रेक होता, तरी लोक आजही अंगठा लावतातच.

टेन्शन नॉब, म्हणजे स्पूल बाजूनं आवळायचा खिट्टा, फुल टाइट करणं तर डेंजर आहे. ल्युअर जवळच पडते, मग पोरगं अजून ताकद लावतं, अन् तो तीन तोंडाचा गळ मागं उभ्या असलेल्याच्या कानात. रीलच्या डब्यातली पुस्तिका वाचा ना राजेहो: स्पूल मोकळी करायचं बटण दाबल्यावर ल्युअर सावकाश खाली यावी, जमिनीला टेकली की स्पूल थांबावी, एवढंच. ल्युअर बदलली की परत सेट करायचं.

महाग रीलचं म्हणाल तर अर्धं खरं, शिमानो कंपनीच्या डीसी (डिजिटल कंट्रोल) रीलमधला छोटा कॉम्प्युटर ब्रेक सांभाळतो अन् फरक पडतो. पण समोरून वारा असला की तिथंही लाइन गुंतू शकतेच.

स्पिनिंग रील (फेकताना हिची स्पूल फिरत नाही, म्हणून हलकी ल्युअरही जाते) लहान पोट्ट्यांची? 5 ग्रॅमची ल्युअर साध्या बेटकास्टरवर फेकून दाखव बे.

आणि ब्लेड कशाला? अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-चार वेळा फिरवा, मग बटण दाबून लाइन हळूहळू ओढा, बऱ्याचदा सुटते. भाच्याला सध्या 14 ग्रॅमचं बिनगळाचं वजन बांधून कॉलनीच्या मैदानावर सोडलंय, मोनो (नायलॉनच्या एकेरी धाग्याच्या) लाइनवर.