बूट नव्हते म्हणून फिफाने हाकललं? हे पसरवणं बंद करा आता

आमच्या भुसावळ-जळगावकडच्या निम्म्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला, फुटबॉलच्या इतिहासातले "पहिले" विक्रम म्हणून. त्यातले दावे असे: भारत वर्ल्ड कपला पात्र ठरलेला आशियातला पहिला देश, पण 1950 ला आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून फिफाने बंदी घातली. जगातली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच 1930 ची. वर्ल्ड कपातली पहिली हॅटट्रिक अर्जेंटिनाच्या स्टाबिलेची. आणि 1956 च्या ऑलिम्पिकात भारताला फुटबॉलचं ब्रॉन्झ.

मी सोडून दिलं असतं, रोज असले दहा मेसेज येतात. पण आमच्या दाजींनी हाच मेसेज भाच्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, आपले लोक अनवाणी वर्ल्ड कपपर्यंत गेले, तुला बूट कशाला पाहिजे?" पोरगं मुरमाच्या ग्राउंडवर खेळतं, उजव्या अंगठ्याचं नख अर्धं निघालंय, त्यावर पट्टी गुंडाळून संध्याकाळी परत बॉल मारायला जातं. म्हणून हे लिहितोय.

आधी तो बुटांचाच दावा घेऊ. 1950 च्या वर्ल्ड कपला भारत पात्र ठरला हे खरं. पण कसा, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. आपल्या गटातल्या बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स या टीमांनी माघार घेतली, त्यामुळे आपण एकही मॅच न खेळता आत. ब्राझीलमध्ये आपला गट होता स्वीडन, इटली आणि पॅराग्वेसोबत. यजमान ब्राझील प्रवासाचा बराचसा खर्च उचलायला तयार होतं. तरी आपण गेलो नाही, आणि न जाण्याचं कारण आपल्याच फुटबॉल फेडरेशनने दिलं होतं की टीम निवडीवरून मतभेद आहेत आणि सरावाला वेळ नाही. बुटांचं नावही त्यात नाही. त्या काळचे कॅप्टन शैलेन मन्ना, जे स्वतः त्या टीममध्ये गेले असते, त्यांनी नंतर सांगितलं की तेव्हा आम्हाला वर्ल्ड कपचं फारसं काही माहीतच नव्हतं, आमच्यासाठी ऑलिम्पिक म्हणजे सगळं होतं. खुद्द कॅप्टन हे सांगतो, तर मेसेज टाइप करणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त कुठून कळलं?

आणि एवढ्यावरही पटत नसेल तर 1952 बघा. हेलसिंकी ऑलिम्पिक, म्हणजे त्या "बंदी"नंतर पूर्ण दोन वर्षांनी. आपले बहुतेक खेळाडू तिथेही अनवाणीच उतरले. समोर युगोस्लाव्हिया, थंडी, आणि आपण 10-1 ने हरलो. फिफाने अनवाणी पायांवरून वर्ल्ड कपमधून हाकललं असतं तर दोनच वर्षांनी ऑलिम्पिकात तेच पाय कसे चालले भो? उलट ह्या पराभवानंतर आपल्याच फेडरेशनने बूट सक्तीचे केले. दाजी, हे नीट वाचा, अनवाणी खेळणं बंद करायचं आपल्या माणसांनीच ठरवलं, ते पण दहा गोल खाऊन.

अजून एक, 1950 ला स्कॉटलंड आणि तुर्कस्तानही पात्र ठरून गेले नाहीत. त्यांच्याकडे बूट नव्हते काय?

एवढं मान्य करतो की अनवाणी खेळायचे हे खोटं नाही. 1948 ला लंडनमध्ये आपली टीम बहुतांश अनवाणी खेळली, फ्रान्ससारख्या टीमशी फक्त 2-1 ने हरली, तेही दोन पेनल्टी हुकवून. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच्यात बंदीची गोष्ट जोडली की ज्यांनी टीम पाठवली नाही ते पदाधिकारी मोकळे सुटतात, आणि वर्ल्ड कपची संधी आपणच सोडली हे पुढच्या पिढीला कळतच नाही. मला राग त्याचा आहे.

"आशियातला पहिला" हेही चूक. 1938 लाच डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, फ्रान्समध्ये वर्ल्ड कप खेळून आला होता. हंगेरीने 6-0 ने हरवलं, पण गेले तर होते.

पहिली मॅच 1930 ची वगैरे तर काहीच्या काहीच आहे, स्कॉटलंड-इंग्लंड 30 नोव्हेंबर 1872 ला ग्लासगोत झाली, 0-0. हॅटट्रिकचं जरा समजू शकतो, कारण कित्येक वर्षं स्टाबिलेचंच नाव चालायचं. पण अमेरिकेच्या बर्ट पॅटेनॉडने पॅराग्वेविरुद्ध 17 जुलै 1930 ला, स्टाबिलेच्या दोन दिवस आधी, तीन गोल मारले होते आणि 2006 मध्ये फिफाने ते मान्य केलं. जुनं पुस्तक बघून लिहिलं असेल तर माफ.

राहिलं 1956. ब्रॉन्झ मिळालं नाही, बल्गेरियाने 3-0 ने हरवलं आणि आपण चौथे आलो. पण ऑलिम्पिक फुटबॉलच्या सेमीफायनलला पोचलेली आशियातली पहिली टीम आपलीच, आणि मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवताना नेव्हिल डिसूझाने जी हॅटट्रिक केली ती ऑलिम्पिकात कुठल्याही आशियाई खेळाडूची पहिली. हा खराखुरा पहिला विक्रम सोडून मेसेजवाल्याने नसलेलं मेडल लिहिलं, आणि डिसूझाचं साधं नावसुद्धा त्यात नाही.