बॅटरीच्या वजनानं जहाज बुडतं म्हणे!

आमच्या जनरेटर-इन्व्हर्टर मिस्त्र्यांच्या ग्रुपवर आठ दिवसांपासून एक फॉरवर्ड फिरतंय: "बॅटरीवरचं जहाज ही शुद्ध थाप. वजनानंच बुडेल, चार्जिंगला दोन दिवस लागतील, खारं पाणी लागलं की स्फोट होईल, आणि वीज शेवटी कोळशाचीच." पैठण कुठं, समुद्र कुठं, पण ग्रुपवर सगळे दर्यावर्दी झालेत. मी बॅटरीवाला, म्हणून गप्प बसवेना.

आधी वजन. बॅटरी जड असते हे मला कुणी सांगू नये. इन्व्हर्टरच्या दीडशे एएचच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या जिन्यानं चढवून माझी कंबर गेलीय. पण जड म्हणजे बुडणार, असं कुठंय? रिकाम्या जहाजात तोल राखायला मुद्दाम समुद्राचं पाणी भरतात. ऑस्ट्रेलियात, तास्मानियातल्या होबार्टला २०२५ मध्ये १३० मीटर लांबीची फेरी, म्हणजे माणसं-गाड्या नेणारी बोट, पाण्यात उतरवली. तिच्यात ४० मेगावॉट-तासांची (म्हणजे ४० हजार युनिटांची), २५० टनांची बॅटरी आहे. तरंगतेय. वजन वाचवायला तिचं धड मात्र ॲल्युमिनियमचं केलंय.

आता फॉरवर्डवाल्याच्या बाजूनं हिशेब करू. या फेरीची बॅटरी किलोमागं १६० वॉट-तास देते. किलोभर डिझेलमध्ये सुमारे १२,००० असतात. इंजिन त्यातले निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतं, तरी किलोभर डिझेलच्या जागी तीस-पस्तीस किलो बॅटरी लागणारच. मोठं कंटेनर जहाज दिवसाला १०० टन इंधन सहज पितं. म्हणजे एका दिवसाला तीन हजारांहून जास्त टन बॅटरी. न्हावाशेव्याहून युरोपला जायला काही आठवडे लागतात. नाही जमणार. इथं गडी बरोबर आहे.

चार्जिंगचं मात्र त्यानं ठोकून दिलंय. नॉर्वेत लाविक ते ओपेडाल अशी 'अँपिअर' ही बॅटरीवरची फेरी २०१५ मध्ये सुरू झाली. सहाएक किलोमीटरचा पल्ला, १२० गाड्या, सुमारे एक मेगावॉट-तासाची बॅटरी, आणि प्रत्येक धक्क्यावर दहाएक मिनिटं चार्जिंग. तिथल्या गावच्या लाइनला हा भार एकदम झेपणारा नव्हता. म्हणून धक्क्यावरच दुसरी बॅटरी ठेवली; ती हळूहळू भरत राहते आणि फेरी लागली की भसकन देते. आपल्याला यात नवं काय? बोअरची सव्वा इंची धार रात्रभर हौदात सोडायची आणि सकाळी मोठ्या पाइपानं रान भिजवायचं, तोच प्रकार.

आगीची भीती खोटी नाही, कारण तेवढं वेगळंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्याच 'इटरॉयनिंगेन' फेरीच्या बॅटरी खोलीत आग लागली. विझवली, आणि दुसऱ्या दिवशी साचलेल्या वायूचा स्फोट झाला. सुरुवात कूलिंगच्या गळतीतून झाली होती. म्हणजे घाबरायचं ते वायू कोंडण्याला. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटींत लिथियम टायटॅनेट प्रकारच्या बॅटऱ्या आहेत. वजनाला जड, पण तापायला शांत.

कोळसा? नॉर्वेची वीज बहुतेक पाण्यावरची. परळीची चिमणी बघत मोठं झालेल्याला आपल्याकडचा हा आक्षेप निम्मा तरी मान्य करावा लागेल.

पण जहाजातल्या बॅटरीचं मोठं काम फॉरवर्डमध्ये आलेलंच नाही. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणारी जहाजं जागेवर स्थिर उभी राहताना, एक जनरेटर बंद पडला तर म्हणून दुसरा उगाच चालू ठेवतात. दोन्ही अर्ध्या भारावर. कमी भारावर डिझेल जास्त जळतं आणि काजळी धरते, हे मंगल कार्यालयाचा जनरेटर उघडलेल्या कुणालाही विचारा. बॅटरी असली की दुसरं इंजिन बंद करता येतं. पहिलं अचानक बसलं तर ती सांभाळून घेते.

गेल्या वैशाखात एका कार्यालयात मी हेच लहान प्रमाणात केलं. रात्री दिव्या-पंख्यांपुरता भार बॅटरीवर टाकला, जनरेटर बंद केला. दोन वाजता मालकाचा फोन: "भाऊ, काही बिघडलं का? आवाजच येईना!"