मॅक महाग होता म्हणून ॲपल बुडत होती?

‘ॲपलने मॅकच्या किमती चढ्या ठेवल्या, बाजारातला वाटा गमावला आणि म्हणूनच १९९७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात पोहोचली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातलं अर्धंच खरं आहे.

१९८४ चा पहिला मॅकिंटॉश, म्हणजेच मॅक संगणक, २,४९५ डॉलरचा होता. म्हणजे महागच. आयबीएमच्या पीसीसाठीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या, इतर कंपन्यांच्या स्वस्त ‘आयबीएम-सुसंगत’ यंत्रांनी घरं-कार्यालयं व्यापली आणि सॉफ्टवेअर लिहिणारेही तिकडेच वळले. वाटा कमी असण्याचा खरा फटका हा.

पण नव्वदच्या दशकात ॲपल वाट्याच्याच मागे धावत होती, हे त्या मजकुरात कुठेच नाही. १९९५ च्या नाताळात परफॉर्मा हे स्वस्त मॅक गोदामात पडून राहिले आणि ज्यांना मागणी होती ती महागडी मॉडेल्स पुरेशी बनवलीच नव्हती. त्याच सुमारास इतर कंपन्यांना मॅकच्या नकला बनवायचा परवाना दिला गेला. वाटा वाढेल ही आशा. प्रत्यक्षात पॉवर कंप्युटिंगसारख्यांनी ॲपलचीच भरपूर पैसे मोजणारी गिऱ्हाइकं पळवली. १९९७ च्या आर्थिक वर्षात तोटा एक अब्ज डॉलरवर गेला.

स्टीव्ह जॉब्स यांनी परत येऊन हे परवाने बंद केले, मॉडेल्स छाटली. १९९८ चा आयमॅक १,२९९ डॉलरचा, म्हणजे तेव्हाही स्वस्त नव्हताच.

आणि वाट्याचंच म्हणाल, तर ज्या आयबीएमच्या नावाने ती स्वस्त यंत्रं ओळखली गेली, तिनेच २००५ मध्ये आपला पीसी व्यवसाय लेनोवोला विकला. नफाच उरला नव्हता.